पाचवा माणूस

१४ एप्रिलच्या रात्री आमच्या राजुरात मिरवणूक निघाली की आधी माझ्या खिडकीची तावदानं थरथरतात, मग छातीत धडधडतं आणि गाणं सगळ्यात शेवटी येतं. गेल्या वर्षी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. डीजेची गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती, तिच्यापुढं पोरं नाचत होती. त्यात माझा पुतण्याही होता. दम खायला तो ओट्यावर टेकला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी त्याला विचारलं, "काऊन बे, हे गाणं कोणाचं?"

"आपलंच ना, काका."

"काय म्हणते गाण्यात?"

त्यानं जरा कान दिल्यासारखं केलं, हसला, "जय भीमच म्हणत असन" म्हणाला आणि पुन्हा गर्दीत शिरला.

गाणं वामनदादा कर्डकांचं होतं. बाबासाहेबा, तुझ्या मताची पाच माणसं जरी निघाली असती तरी त्यांच्या तलवारीचं टोक निराळं दिसलं असतं, असं ते गाणं म्हणतं. तू आमच्या बोलण्यात आहेस, करणीत नाहीस, असंही पुढं सांगतं. म्हणजे गाडीपुढं नाचणाऱ्या सगळ्यांना आणि ओट्यावर बसलेल्या मलाही ते नाव न घेता खडसावत होतं. आणि आम्ही त्यावर ठेका धरला होता.

राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. वणी तालुक्यातलं हे गाव कागदोपत्री 'राजूर कॉलरी' म्हणून ओळखलं जातं. एकीकडे खाण, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. एका बाजूनं माणसं काळी होऊन घरी येतात, दुसऱ्या बाजूनं पांढरी. नळावर तेलुगू, हिंदी आणि आमची वऱ्हाडी अशा तिन्ही बोल्यांत भांडण होऊ शकतं आणि होतंही. मी या गावात वाढलो, १९८६ साली खाणीत लागलो आणि ३६ वर्षांनी मायनिंग सरदार म्हणून निवृत्त झालो.

सरदार म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला फेटा-तलवार दिसते. आमचा सरदार म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी पुढं जाऊन गॅस तपासणारा आणि छत ठोकणारा माणूस. हातातल्या काठीनं डोक्यावरचा दगड ठोकायचा आणि ऐकायचं. दगड पक्का असला तर आवाज खणखणीत येतो. वरचा थर सुटला असेल तर भदभद, पोकळ आवाज येतो. तसा आवाज आला की माणसं मागं घ्यायची, टेकू लावायचे, नाहीतर तो दगड पाडून टाकायचा. दिव्याच्या उजेडात दोन्ही छतं सारखीच दिसतात. फरक फक्त कानाला कळतो. त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे, हे आधीच कबूल करतो.

वामनदादांना समोर बसून ऐकल्याचं सांगणारी म्हातारी माणसं विदर्भात पुष्कळ भेटतात. मी त्यातला नाही. मला ते क्वार्टरमधल्या टेपरेकॉर्डरवर भेटले. वडील पहिल्या पाळीवरून आले की आंघोळ करून कॅसेट लावायचे. कॅसेट इतकी झिजली होती की मध्येच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. फीत बाहेर आली की ती पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझ्याकडं असायचं. तेव्हा मला चाल तेवढी कळायची. शब्द पाठ होते, पण पाठ असणं आणि ऐकणं यात केवढं अंतर आहे ते फार उशिरा कळलं.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावचा. शाळा नाही. पोट भरायला मुंबईत आले. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. हे कळल्यापासून आम्ही कोळशेवाले त्यांना अर्धे आमचेच धरतो. कोणीतरी वाचून दाखवायला म्हणून पत्र हातात दिलं, ते वाचता येईना, त्याची लाज वाटून या माणसानं मोठेपणी अक्षरं गिरवली, अशीही हकीकत आहे. समता सैनिक दलात ते होते आणि १९४३ पासून गाणी रचू लागले. मग सगळं आयुष्य गावोगाव गात फिरण्यात गेलं. १५ मे २००४ ला ते गेले. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. कारण बड्या उद्योगपतींची नावं घेऊन, या धनाच्या ढिगात आमचा वाटा कुठं आहे ते सांगा, असं विचारणारं गाणंही याच माणसाचं.

शाहीर म्हटला की पहाडी आवाज, उंचावलेला हात आणि घोषणा, असं चित्र आपण डोक्यात ठेवतो. वामनदादांची ताकद मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ते समोरच्या माणसाशी बोलतात. 'सांगा' म्हणतात आणि उत्तराची वाट पाहत उभे राहतात. पाच माणसांचं ते गाणं 'जर' आणि 'असते' या दोन शब्दांच्या आधारावर उभं आहे. 'तुम्ही नालायक आहात' असं ते एकदाही म्हणत नाही. काय झालं असतं एवढंच सांगत राहतं, आणि काय झालं नाही ते ऐकणाऱ्यानं आपल्या घरी जाऊन मोजायचं. ओरडून अंगावर येणाऱ्या माणसाला उलट ओरडता तरी येतं. असं बोलणाऱ्याला काय उत्तर देणार?

मी ते घरी जाऊन मोजलं तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती.

आमच्या पाळीतला एक लोडर खाणीत जखमी झाला आणि पुढं दवाखान्यात वारला. कोणत्या खाणीत, ते इथं लिहीत नाही. त्या सकाळी त्या ठिकाणी छताचा आवाज बरा नव्हता, हे आमच्यातल्या काही जणांना माहीत होतं. चौकशी लागली. त्याच्या बायकोला एवढंच हवं होतं की सोबतच्या माणसांनी येऊन खरं ते सांगावं. जयंतीच्या कमिटीची बैठक तेव्हा भरलेलीच होती. वर्गणीचा हिशेब बाजूला ठेवून सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, "ताई, आम्ही सगळे येतो." चौकशीच्या दिवशी चार जण गेले. मी त्या सकाळी अंगात कणकण आहे म्हणून पांघरूण घेऊन पडलो होतो. कणकण नव्हती. साहेबाच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं, बढतीची यादी लागायची होती. बायको एकदा दारात येऊन उभी राहिली. "अहो, ते चौघं गेले," एवढंच बोलून ती आत निघून गेली.

त्या आठवड्यात कधीतरी टेपवर ते गाणं लागलं. पाचाचा आकडा कानावर आला आणि मी उठून टेप बंद केला. इतकी वर्षं पाठ असलेलं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता जरा दूरची गोष्ट सांगतो. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या कानात इअरफोन कोंबले आणि एक इंग्रजी गाणं लावलं. गिटार, ढोल आणि एक माणूस घसा फोडून आपण अमेरिकेत जन्मल्याचं पुन्हा पुन्हा सांगतोय. मी म्हटलं, छान आहे, त्यांचं पंधरा ऑगस्टचं गाणं दिसतं. ती हसून लोटपोट झाली. "बाबा, तुम्हीपण?" मग एकेक ओळ थांबवून तिनं मला मराठीत सांगितलं. मेलेल्या गावात जन्मलेला एक पोरगा. हातून काही गैर घडतं, तेव्हा त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठवतात. परत येतो तर कारखान्यात काम नाही, आणि सरकारी माणूस म्हणतो, पोरा, तुला कळत नाही का. भाऊ तिकडेच लढाईत गेला. दहा वर्षं झाली तरी जायला जागा नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तो माणूस ओरडतो की मी इथलाच आहे.

अभिमानानं नाही, ठणक लागल्यासारखा.

गाणारा ब्रूस स्प्रिंगस्टीन, न्यू जर्सी राज्यातल्या फ्रीहोल्ड गावचा. बापाची नोकरी टिकायची नाही, कधी गालिच्याच्या गिरणीत, कधी बस चालवण्यात, कधी तुरुंगावर पहारेकरी. हे गाणं १९८४ चं. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात, १९ सप्टेंबरला, अध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमन्टन गावी आले आणि त्यांनी भर सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे असं सांगितलं. अमेरिकेचा अध्यक्ष आणि माझा पुतण्या यांत ऐकण्याच्या बाबतीत काही फरक नाही, हे कळल्यावर मला थोडं बरं वाटलं. पुतण्याला तरी पाणी प्यायची घाई होती. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीननं त्या भाषणाचा विषय काढला आणि 'जॉनी ९९' गायलं. मोटारीचा कारखाना बंद पडून काम गेलेला आणि दारूच्या नशेत खून करून बसलेला एक माणूस न्यायाधीशासमोर उभा आहे, त्याची ती गोष्ट. आशेचा संदेश त्यात कुठं सापडतो का, हे ज्यानं त्यानं शोधावं.

तेव्हापासून मुलगी मला गाणी पाठवते, सोबत मराठीत अर्थ टाइप करून. १९८२ ची 'नेब्रास्का' ही त्याची अख्खी ध्वनिमुद्रिका त्यानं घरी बसून कॅसेटच्या साध्या यंत्रावर भरली होती. नंतर बँड घेऊन तीच गाणी पुन्हा करून पाहिली, जमलं नाही, म्हणून कॅसेटवरचीच बाजारात आणली. पेन्सिलनं फीत गुंडाळलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. पण माझं सगळ्यात आवडतं गाणं १९९५ चं 'यंगस्टाउन'. ओहायो राज्यातलं पोलादाचं गाव. तिथली एक मोठी पोलाद कंपनी १९७७ च्या सप्टेंबरात आपली गिरणी बंद करत असल्याचं एका सोमवारी जाहीर करती झाली. तिथले लोक त्या दिवसाला अजून काळा सोमवार म्हणतात. गाण्यातला कामगार सांगतो की आमच्या बापजाद्यांनी इथं देशाच्या लढायांसाठी तोफगोळे ओतले, रणगाडे घडवले, आणि आता तुम्ही आमचं नावही विसरलात. हे सगळं तो सांगतो कोणाला? भट्टीला. तिला तो प्रेयसीसारखी नावानं हाक मारतो.

हे ऐकताना मला अण्णा भाऊ साठ्यांची 'मैना' आठवली. गावाकडं राहिलेली बायको, मुंबईच्या गर्दीत हरवलेला तिचा नवरा, आणि बोलता बोलता त्या बायकोची जागा अपुरा राहिलेला महाराष्ट्र घेतो. बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट माणसाच्या विरहासारखी दुखायला लागते. वाटेगावच्या माणसाला आणि फ्रीहोल्डच्या माणसाला एकमेकांचा पत्ता नव्हता. पण गावाचं दुःख गाव म्हणून सांगितलं तर कोणी ऐकत नाही, ते एखाद्या माणसाच्या तोंडून, एखाद्या माणसाला उद्देशून सांगावं लागतं, हे दोघांनाही कळलेलं होतं. बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा गाणी म्हणजे साहित्य का, यावर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही चर्चा झडल्या. आमच्या वस्त्यांत ही शंका कोणाला आली नसती. आम्ही साहित्य ऐकूनच मोठे झालो, पुस्तक घरात मागून आलं.

स्प्रिंगस्टीनला मी देव करत नाही. तो आता गर्भश्रीमंत वाटावा इतका श्रीमंत आहे, आणि २०२२ साली त्याच्या कार्यक्रमाची काही तिकिटं हजारो डॉलरवर गेली तेव्हा त्याच्याच चाहत्यांनी बोंब मारली. वामनदादांना ऐकायला तिकीट नव्हतं. स्प्रिंगस्टीन १९८८ च्या ३० सप्टेंबरला मानवी हक्कांच्या जलशासाठी दिल्लीत येऊन गाऊन गेला, हेही मुलीकडूनच कळलं. तेव्हा मी राजुरात रातपाळीला असणार.

नाचणारे शब्द ऐकत नाहीत, मग ऐकतं कोण? ज्याला ते लागतात तो. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या चार पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या. त्यावर स्प्रिंगस्टीननं २००० साली गाणं केलं, तेव्हा पोलिसांच्या संघटनेनं त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घाला असं सांगितलं. त्यांनी शब्द बरोबर ऐकले होते. आपल्याकडं अण्णा भाऊंच्या लालबावटा कलापथकावर सरकारनं बंदी घातली, तीही ढोलकीच्या आवाजामुळं नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप असा की, त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. ती गाणी संभाजी भगतांची आणि कांबळेचं काम नागपूरच्या वीरा साथीदारांनी केलेलं. २०२१ मध्ये करोनानं ते गेले, तारीख १३ एप्रिल, जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या सिनेमातलं कोर्ट म्हणजे एक विचित्र मैफल आहे. शाहिराचे शब्द न् शब्द लावून पाहणारा रसिक तिथं कोण, तर सरकारी वकील.

आपलं गाणं आपल्यापेक्षा आपल्या विरोधातला वकील नीट ऐकतो, ही गोष्ट मला बोचते. म्हणून गेली दोन वर्षं मी जयंतीच्या कमिटीपुढं एक म्हणणं मांडतो आहे. मिरवणूक काढा, डीजे लावा, पण सुरुवातीचा एक तास गाडी बंद ठेवा. एक पेटी, एक ढोलकी, गाणारा एक माणूस. वामनदादांची चार गाणी, शब्द कळतील अशी. गावात भजनी मंडळं आहेत, गळे आहेत. खर्च डीजेच्या डिझेलाइतकाही येणार नाही.

पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी वाद घातला, म्हणजे प्रगती आहे. एका पोराचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, "काका, आपल्या आजोबांना गावातून जाताना आवाज करायची सोय नव्हती. लग्नाच्या वरातीत वाजंत्री लावली तर मार पडायचा. आता आम्ही गाव हादरवतो तर तुम्हीच म्हणता हळू लावा." बरोबर आहे पोराचं. त्या आवाजातही काहीतरी सांगितलेलं आहे, आणि ते ऐकायचं नाही असं मी म्हणालो तर मी रेगनच्याच रांगेत जातो. पुतण्यानंही एक दिवस मोबाइलवर मला स्वदेशी या मुंबईच्या मंडळींचं 'वारली रिव्होल्ट' ऐकवलं. २०१९ चं, आरेच्या जंगलाबद्दलचं रॅप, त्यात आरेतले प्रकाश भोईर गातात. दणका आहे आणि शब्दही ऐकू येतात. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतात. मी माझं म्हणणं थोडं बदललं. गाडी बंद नका ठेवू, निदान शब्द दाबणारं ते धाडधाड यंत्र तासभर खाली करा.

यंदाच्या बैठकीच्या आधी मी पुतण्याला घरी बोलावलं. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्याला वही-पेन दिलं आणि पाच माणसांचं ते गाणं मोठ्या अक्षरात लिहून दे म्हटलं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. त्याचं अक्षर चांगलं आहे, बापावर गेलंय. पहिलं कडवं झालं, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याचं पेन थांबलं. त्यानं वरची ओळ पुन्हा वाचली.

"काका, हे तर आपल्यालेच म्हणून राह्यले ना?"

मी काही बोललो नाही. चौकशीची ती गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही, तेव्हाही जिभेवर आली आणि तिथंच राहिली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डीजेवाल्याचा होता. बयाणा आज दिला नाही तर गाडी दुसऱ्या गावाला जाईल म्हणत होता. पुतण्या चप्पल घालून निघाला, दारातून परत आला आणि वही सोबत घेऊन गेला.